विनीची करंगळी

१२ मार्च १९७८, लीड्स
आईशी खोटं बोलले. आयुष्यात पहिल्यांदा. लायब्ररीत जादा काम आहे म्हटलं आणि विनीचं गाणं ऐकायला गेले. पबच्या मागची खोली, नुसता गोंगाट. पोरं चक्क तिच्यावर थुंकत होती! मला राहवेना. वर चढले आणि रुमालानं तिचं तोंड पुसलं. सगळे हसून लोळले. विनी माइकमध्येच ओरडली, "हेटी, उतर खाली! अगं, आवडलं की थुंकतात हे लोक!"
विनीला नि मला, दोघी बहिणींना, आईनं घरीच शिकवलं, स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी. तिच्या बोटात शिवणाचं अंगुस्तान. उत्तर बरोबर आलं की टेबलावर एकदा टक्, चुकलं की दोनदा. थुंकण्याचा धडा त्यात नव्हता.

३ नोव्हेंबर १९७८
विनी लंडनला राहायला गेली. रेडिओवाल्यांनी तिचं गाणं लावायला नकार दिला, तर दोन दिवसांत दुकानातल्या तबकड्या संपल्या! लायब्ररीतल्या तीन मुलींनी तिच्यासारखे केस कापलेत. एकीनं विचारलं, "मिस, नेटल तुमची कोण?" गाण्याच्या जगात विनीचं नाव नेटल. "बहीण," म्हटलं. मग दिवसभर वाटत राहिलं— बढाई मारली का मी?

१९ जानेवारी १९८०
आईला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, मनाला धक्का नको. विनी फोनवर म्हणाली, "आत्ता निघते."
"येऊ नकोस. तुझे ते हिरवे केस बघून दुसरा झटका येईल तिला."
तिकडून मग, "बरं, मास्तरीणबाई."

२० जानेवारी
बरोबरच केलं ना मी?

२ मे
आई आता डाव्या करंगळीनं पलंगाच्या दांडीवर वाजवते. एकदा— हो. दोनदा— नाही. मी कामावर असते तेव्हा शेजारच्या मिसेस ओल्डरॉइड तिच्यापाशी बसतात. "विनी हवी का?" एवढं आईला विचारायचं धाडस मला होत नाही. तिनं एकदाच वाजवलं तर?

३० सप्टेंबर
आईला मूठमाती दिली. विनी काळा स्कार्फ बांधून लांब उभी होती. मी म्हटलं, "आत्ता वेळ मिळाला?" ती मागं वळून निघून गेली.

१४ नोव्हेंबर १९८१
वर्ष झालं, विनीचा फोन नाही. मीही केला नाही.
आज तिचा पहिला सिनेमा पाहिला. पेपरात छापलंय— किंचाळणारी पोरगी एक शब्द न बोलता रडवते! झटका आलेल्या बाईचं काम आहे. मुलगी विचारते, "पाणी हवंय?" आणि विनीची डावी करंगळी पलंगाच्या दांडीवर— एकदा. "डॉक्टरला बोलावू?" दोनदा.
मी उभीच राहिले. मागची बाई खेकसली, "बस की गं खाली!"
ती खूण आईच्या खोलीबाहेर कुणालाच ठाऊक नव्हती.

१५ नोव्हेंबर
मिसेस ओल्डरॉइडना विचारलं. त्यांनी हातातली किटली खाली ठेवली. "विनी दर बुधवारी यायची गं, पहिल्या गाडीनं. केस स्कार्फमध्ये. आईचे पाय चोळत बसायची, तू यायच्या आत निघायची. हेटीला सांगू का, म्हणून मी तुझ्या आईलाच विचारलं होतं. दोनदा वाजवलं तिनं."