न मारलेलं हरीण

१२ सप्टेंबर

पोचले एकदाची! घोड्यावरून सात तास, बूड सोलवटून निघालं, पण चौकीसमोरची दरी पाहिली आणि सगळं विसरले. शार्शेन आके (वडीलधाऱ्याला इकडे आके म्हणतात) इथले जुने शिकार-राखणदार, आणि मी, बुरुलचा, त्यांची नवी मदतनीस. चहाच्या आधीच त्यांनी हातात बंदूक दिली आणि दोनशे पावलांवरचा फुटका समोवार, चहाचं पाणी उकळायचं भांडं, दाखवला. पहिल्याच गोळीत उडवला. आके म्हणाले, दिसतेस शहरातली, बिश्केकची, पण हात डोंगरातला आहे. मग लगेच जमिनीवर आणलं: गोळी लागणं म्हणजे निम्मी शिकार, जनावराच्या मानेवर हात ठेवेपर्यंत शिकाऱ्याने घास गिळायचा नाही.

१६ सप्टेंबर

हिवाळ्याच्या मांसासाठी चौकीला एका नराचा परवाना आहे. आज सकाळी मराल, म्हणजे इथलं मोठ्या शिंगांचं हरीण, टप्प्यात आला. गोळी लागली आणि त्याची पाठ कमानीसारखी वाकली, म्हणजे पोटात लागली. अशा वेळी तासभर गप्प बसायचं असतं, जनावर जवळच आडवं होतं. पण नेमबाजीत पदकं मिळवलेली बाई मी, मला कुठला धीर! धावत सुटले. तो उठून पळाला आणि दुपारच्या बर्फाने रक्ताचा माग पुसून टाकला.

उतरताना घोड्यावरची एक म्हातारी भेटली, पांढरा फेटा बांधलेली. हसून 'शिरालगा' म्हणाली. शिकारीवरून परतणाऱ्याला कुणी हा शब्द म्हटला, की समोर वैरी असला तरी हिस्सा काढून द्यायचा. मी काय देणार, कपाळ? सांगून टाकलं, आजी, मी काही मारलेलंच नाही. तिने माझ्या बाहीवरचं रक्त पाहिलं आणि घोडा वळवला. आकेंनाही तेच सांगितलं. लाज वाटली, दुसरं काय.

१८ सप्टेंबर

वरच्या कड्यावर वीसेक गिधाडं. दोन दिवस घिरट्या घालताहेत, उतरत मात्र नाहीत. आकेंची चिडचिड चालली आहे. कुठल्या तरी नालायकाने जखमी जनावर सोडलंय, म्हणाले. गोळीतलं शिसं गिधाडांच्या पोटात जातं, मग ती मान टाकून मरतात. गेल्या वर्षी त्यांनी पाच पुरली. असल्यांच्या हातात लाटणंसुद्धा देऊ नये, असंही म्हणाले. मी भांडी घासत राहिले.

२१ सप्टेंबर

भर दुपारी म्हातारी दारात. तोच शब्द, हात पुढे. रोटी दिली, लोणी दिलं, घेईना. आके शेजारीच चहा पीत होते. त्यांनी विचारलं, रिकाम्या दारात रोटी कुणाला धरलीस?

मग सगळं सांगून टाकलं. वाटलं, शिव्या घालतील. ते पांढरेफटक पडले. म्हणाले, शिरालगा मागणारीच्या तोंडावर तू सांगितलंस, की मारलं नाही. मग ते मरणार कसं, पोरी? गिधाडं मेलेल्यावर उतरतात. ते अजून उभं आहे.

पाच दिवस. पोटात गोळी घेऊन. माझ्यामुळे. मला रडू आलं आणि भयंकर राग आला, स्वतःचाही आणि त्या म्हातारीचाही. उद्या मी वर जाणार. जखमी जनावरामागे दोघांनी जायचं, हा चौकीचा नियम. आके गुडघ्याचं निमित्त सांगताहेत. नका येऊ! मी एकटी पुरी आहे.

२२ सप्टेंबर

सापडला. दगडांच्या उतारावर उभा. पोट उघडं, त्यात अळ्या, तरी श्वास चालू. तीन गोळ्या घातल्या, बरोबर काळजात. तिन्ही लागल्या. तो नुसता बघत राहिला.

वर म्हातारी, घोड्यावर. मी ओरडले: मी मारला! त्या दिवशी खोटं बोलले, हा माझा आहे, ये आणि घे हिस्सा!

मराल गुडघ्यांवर बसला. आडवा झाला. मी मानेवर हात ठेवला. मांडी कापून दिली, ती घेऊन म्हातारी निघून गेली. गिधाडं अगदी जवळ आली, दगड मारून हाकलली. चारही गोळ्या खणून काढल्या, मगच बाजूला झाले. जिंकले मी!

आणि पायाखालचे दगड घसरले.

२३ सप्टेंबर

पाय मोडलाय, हाड बाहेर. बंदूक दरीत गेली. वही आणि दुर्बीण आहे. खालची वाट दिसते. आके येतील. गिधाडं मरालावर जेवताहेत. खा बायांनो, शिसं नाही त्यात.

२४ सप्टेंबर

आके वाटेवर! सोबत तालुक्याचे दोन अधिकारी. त्यांच्यासमोर — म्हातारी. घोडा आडवा घातलाय. माझ्याकडे बोट दाखवून विचारते आहे, वर कुणी आहे का. आके तिच्याकडेच बघताहेत, आज दिसते त्यांना — नियम मोडला म्हणून नोकरी जाईल, जाऊ दे ना आके, हो म्हणा —

मान हलवली. दोन्ही तळवे उघडे दाखवले. वर कुणी नाही.

नका — ते नका म्हणू —

वळले.

३० सप्टेंबर

पाणी नाही. सहा दिवस. पायात अळ्या. दुखतं, सगळं दुखतं. थांबत नाही.

गिधाडं परत आली. वर, गोल गोल. उतरत नाहीत.

—

बर्फ. किती दिवस —

गप्प बसणार नाही. आवाज आहे अजून. मी बुरुलचा. आकेंनी मला एकटीला वर येऊ दिलं होतं. वाटेने जाणारा कुणीही, तुम्हाला ती विचारेल — वर बघा आणि हो म्हणा, हो, एक बाई आहे, आम्ही तिला पाहि