थेट विमान बंद झालं तरी

अहो, ऐकलंत का,

इकडून नमस्कार. लेकीकडे मी ठणठणीत आहे. मी सांगतेय, नात लिहितेय; तुम्ही सूनबाईकडून वाचून घ्या.

इथल्या विमानतळावरून आपल्याकडे येणारं थेट विमान बंद झालं, तर तुम्ही कळवलंत, "एकटी येऊ नकोस, मध्ये विमान बदलताना पाट्या कशा वाचशील?" अहो, वाचता येत नाही, पण विचारता येतं! तुम्ही तर पाटी वाचून भलत्याच गाडीत बसला होतात.

शिवाय विमानतळावर शिकलेल्यांनाही यंत्रावर अंगठाच द्यावा लागतो. त्यात माझा हात कोण धरणार?

डोळ्यांत थेंब वेळेवर घालता ना?

बुधवारी पोचते. गुरुवारी तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. पट्टी सुटेल तेव्हा समोर पहिलं तोंड माझंच असेल. मनाची तयारी ठेवा.

तुमचं कधीच न ऐकलेली,
बायको