दुसरी बाटली

प्रिय लंबू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुझ्या कपाळावर आठी पडली असेल. अकरा वर्षं एका गाडीत शेजारी बसलो, तेव्हा साधी चिठ्ठीही लिहायची वेळ आली नाही. तू माझा फोन उचलत नाहीस आणि बरंच करतोस. हे बोलायला मला जमलं नसतं.

गेल्या आठवड्यात तुला पाहिलं. गोदामाच्या फाटकावर ट्रकचे नंबर वहीत लिहीत होतास. खुर्ची इतकी बुटकी, की तुझे गुडघे हनुवटीला लागत होते. एरवी मी मागून येऊन टपली मारली असती, पण रस्त्याच्या पलीकडूनच परतलो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. तुझ्या धाकटीने शाळेच्या फॉर्मवर बाबांच्या कामापुढे अजून 'पोलीस'च लिहिलंय, असं कळलं.

तो दिवस तुझ्याइतकाच मलाही पाठ आहे. कुणी नशा करतं का ते बघायला वर्षातून एकदा आपल्या सगळ्यांची लघवी तपासायची, आणि त्या वर्षी नमुने घ्यायचं काम माझ्याकडे होतं. नियम सोपा. ज्याचा नमुना त्याच्या डोळ्यांदेखत दोन बाटल्या भरायच्या, सील करायच्या आणि मग लेबलवर त्याची सही घ्यायची. एक बाटली प्रयोगशाळेत जाते. दुसरी वर्षभर थंड कपाटात राहते, कारण निकाल पटला नाही तर ती दुसरीकडे तपासून मागायचा आपल्याला हक्क असतो. पण रांगेत अकरा जण आणि प्रत्येकाला ड्यूटीवर पळायची घाई. मी लेबलांवर सगळ्यांच्या सह्या आधीच घेऊन टाकल्या आणि तुम्ही गेल्यावर निवांत चिकटवत बसलो. माझ्या आधीचेही असंच करायचे. मध्ये कुणीतरी चहा आणला, तो ठेवायला मी बाटल्या सरकवल्या. कोणाच्या कोणत्या, हे त्यानंतर मला छातीठोकपणे सांगता आलं नसतं. तरी मी चिकटवत राहिलो.

तुझ्या नमुन्यात नशेचं औषध सापडलं म्हणाले, तेव्हा मला हसूच आलं होतं. खोकल्याचं औषधसुद्धा डॉक्टरांना चारदा विचारून घेणारा माणूस तू. मग चहाचा तो कप आठवला आणि हसू जिरलं.

चौकशीत मला एकच प्रश्न विचारला, बाटल्या याच्यासमोर सील केल्या का. मी हो म्हणालो. निवृत्तीला सव्वा वर्ष उरलं होतं. तू मान वर करून माझ्याकडे पाहिलंस. तू नाही म्हणाला असतास तर माझी नोकरी गेली असती, आणि ते कळूनच तू मूग गिळून बसलास. तेवढ्यावर मी थांबलो नाही. व्हरांड्यात मीच तुला समजावलं, की दुसरी बाटली मागू नकोस, साहेब चिडतील, पडतं घे, समज देऊन सोडतील. तू मला थोरल्या भावासारखं मानायचास, म्हणून ऐकलंस. आठवड्याभरात तुझा गणवेश उतरला. कुंपणच शेत खातं म्हणतात, ते मी असं खाल्लं.

मागच्या महिन्यात ऐकलं, त्या रांगेत तुझ्या मागे उभा असलेला वाहतूक शाखेतला तो हवालदार व्यसनमुक्ती केंद्रात भरती झालाय. ती बाटली त्याचीच होती असं मी म्हणणार नाही. खात्री नसताना माणसाच्या नावाचं लेबल चिकटवायचं काम मी एकदा करून बसलोय.

आज सकाळी मी साहेबांना हे सगळं लेखी दिलं. दुपारी मला निलंबित केलं. घरी येऊन हिला सांगितलं, तर ती एवढंच म्हणाली, की वर्ष लावलंत. तुझी दुसरी बाटली अजून कपाटात आहे. शुक्रवारी वर्ष पूर्ण होतं, शनिवारी ती नष्ट करतील. आतला नमुना तुझाच आहे का, हेही तपासता येतं, पण मागणी तुझ्याच सहीने व्हावी लागते. म्हणून अर्ज सोबत जोडलाय. शुक्रवारच्या आत दे. आधी वकिलाला दाखव, ओळ न् ओळ वाच आणि मगच सही कर. मी पुढे केलाय म्हणून करू नकोस.

तुझाच,
शेजारच्या सीटवरचा