बाबांच्या हातात रिमोट

ती. ताईस,

धाकट्या भावाचा शिलाई मशीनवर बसल्या बसल्याच वाकून नमस्कार. (उठलो तर दोरा तुटेल.) तुझा गुडघा काय म्हणतो? दाजींचा खोकला गेला का?

इकडे सगळे धडधाकट आहेत, फक्त जरा जास्तच मोकळे झाले आहेत. दुपारी टीव्हीवर एक चष्मेवाल्या बाई अख्खी कुटुंबं सोफ्यावर बसवतात आणि "तेव्हा नेमकं काय वाटलं?" एवढंच विचारून त्यांना रडवतात. ते बघून तुझ्या भावजयीने घरात नियम काढला: ज्याच्या हातात रिमोट त्याने मनातलं बोलायचं, बाकीच्यांनी तोंड मिटून ऐकायचं. (मला रिमोट मिळतो तेव्हा नेमका सगळ्यांना फोन येतो.)

हे लोण दुकानापर्यंत आलं. परवा कमरेचं माप देता देता पोस्टातले कारकून म्हणाले, "सव्वीस वर्षांत बायकोला एकदा छान दिसतेस म्हटलं नाही हो!" आणि माझ्या गळ्यात पडून रडले. टेप आम्हा दोघांभोवती गुंडाळली गेली आणि मी तेच माप वहीत उतरवलं. पँट अशी झाली की आत नवराबायको दोघं मावतील. न्यायला दोघं जोडीने आली, बाई हसून हसून बेजार. म्हणाल्या, "राहू द्या तशीच."

पण खरी गोष्ट रविवारची. आमच्या धाकटीने रिमोट थेट बाबांच्या हातात दिला. "आजोबा, तुमची पाळी." ताई, बारा वर्षं त्यांच्यासमोर तुझं नाव काढायची आमची छाती झाली नाही, तुला ठाऊकच आहे. त्यांनी रिमोट उलटासुलटा केला. मला वाटलं, आता हा भिंतीवर आपटणार. तर खाली बघत म्हणाले, "थोरलीच्या लग्नाला मी जायला हवं होतं." एवढंच. मग बाल्कनीत जाऊन वाळलेले कपडे कितीतरी वेळ झटकत राहिले. तुझी भावजय रडली, मी रडलो, त्या दिवशी टीव्ही लावायचं कुणाला सुचलंच नाही.

मोठ्यांना नमस्कार, मुलांना पापे.

तुझा,
धाकटा

ता. क. यातलं एक अक्षर तुला कळवायचं नाही, अशी बाबांची सक्त ताकीद आहे. तेव्हा तू आपली सहज म्हणून ये. दोघंही या.

ता. क. २ पत्र टाकायला निघालो आणि दारातच पकडला गेलो. बाबांनी सगळं वाचलं, ऱ्हस्वदीर्घाच्या चार चुका सुधारल्या, आणि शेवटी एवढं लिही म्हणाले: जावईबापूंना तिखट चालतं का, ते आधी कळव.