घंटा वर आहे

वॉर्ड सहा,
९ मार्च १९९४

प्रिय क्लेम,

देवाच्या कृपेनं तू, तुझी मेरियल आणि मेंढ्या सुखरूप असाल. अक्षराला हसू नकोस. पेन बोटांना बांधलंय, दिवसाला चार ओळी होतात.

श्वासाची नळी काढली. चहा अजून चमच्यानंच. नर्स हॅनाफर्डबाई रोज टोमणा मारतात, "काय हो लस्कम, चार महिने लोळलात, अजून झोप पुरी झाली नाही?" मी म्हणतो, "बाई, झोपलो होतोच कुठे!"

परवा डॉक्टरबाईंना विचारलं, मला नेमकं झालं काय होतं. त्या पलंगावरच टेकल्या. मज्जातंतू म्हणे नुसता पडून असतो तेव्हाही भारलेला असतो. आतले क्षार वेगळे, बाहेरचे वेगळे. पुरेसा धक्का लागला की त्याची बारीक दारं उघडतात, क्षार आत घुसतात आणि ठिणगी टोकापर्यंत धावत जाते. टोकाशी एक फट असते. तिथून रसायन पलीकडे जातं आणि स्नायू हलतो. माझ्या शरीरानं आपल्याच तंतूंवरचं आवरण कुरतडलं होतं. हुकूम निघायचा आणि वाटेत विरायचा.

"जास्त जोर लावला असता तर?"

"जोरानं ठिणगी मोठी होत नाही हो. पडली तर पुरी पडते, नाहीतर नाहीच."

"मग आमच्या चर्चच्या घंटेसारखंच," मी म्हटलं. "आम्ही ती उलटी, तोंड वर करून उभी ठेवतो. दोराला जराशी ओढ लागली की तोल जातो आणि ती पुरी फिरते. मधे कुणाच्या बापाला थांबत नाही. म्हणून वर ठेवली की दोराला पाटी अडकवायची, 'घंटा वर आहे'."

"आणि पाटी नसली तर?"

मला खोकला आला. म्हणजे मी आणला.

पाटी नसली तर काय होतं ते तुला मी काय सांगू? त्या दिवशी चर्चमधल्या दोन लग्नांच्या मधे बाबा मनोरा झाडायला गेले, दोर बाजूला करायला त्यांनी तो ओढला आणि मोठ्या घंटेनं त्यांना छतावर नेऊन आपटलं, ते जागीच गेले. पाटीचं काम माझं होतं. गाव मला एका शब्दानं बोललं नाही. आईनं मात्र चर्चला जाताना पुन्हा माझा हात धरला नाही. तुझा धरायची.

पाटी अडकवल्याचं मला आठवत होतं, क्लेम. पण बावीस वर्षांत मी त्या आठवणीलाच खोटं ठरवलं.

नोव्हेंबरात माझी पापणीही हलत नव्हती तेव्हा तू रोज यायचास. एका दुपारी दार लोटून घेतलंस आणि म्हणालास, "रूब, तू पाटी अडकवली होतीस. मीच काढली. खानावळीत स्किटल्सच्या खेळाचे गुण लिहायला फळी नव्हती. जाऊन लगेच परत लावणार होतो रे. नंतर नदीत टाकली."

माझे कान शाबूत होते. डॉक्टरबाई म्हणतात, या दुखण्यात बहुधा असतातच.

मी सगळा जीव उजव्या मुठीत ओतला. हुकमावर हुकूम सोडले. एक बोट हललं नाही. देवाकडे मी बरं होणं मागितलं नाही, फक्त एक मूठ मागितली. त्याची मला लाज वाटते. माझ्या डोळ्यातून ओघळलं ते तू रुमालानं टिपलंस आणि नर्सला म्हणालास, "याच्या डोळ्यांत थेंब घाला, पाणी येतंय."

त्या दुपारनंतर, नोव्हेंबरपासूनच, तू आला नाहीस. मेरियल सांगते, मेंढ्यांची वेतं चालू आहेत. वेतं जानेवारीत सुरू होतात, क्लेम.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. पाकीटही स्वतःच चिकटवणार आहे, जिभेनं. ती आता चालते. तू रविवारी ये. खुर्ची पुढे ओढ आणि तेच पुन्हा सांग. मी काय उत्तर देईन, मला ठाऊक नाही. पण या वेळी गप्प राहिलो, तर माझ्या मर्जीनं राहिलेला असेन.

तुझा, तेव्हाही जागा असलेला भाऊ,
रूबेन