रोषणाईची जबाबदारी माझ्याकडे

३ एप्रिल १९६०, रविवार.
आजपासून संध्याकाळी वाचायला मेणबत्ती. विजेच्या दिव्याचा उजेड रोज कमी होतो आहे. तक्रार केली, उत्तर नाही. वर्तमानपत्रंही हल्ली फिक्या शाईत छापतात.
भाची बकुळा दादरहून येऊन गेली. म्हणाली, डोळे तपासून घे; आणखी एकदा काही जळलं तर ही खोली सोडून आमच्याकडे यायचं. मी शाळेची हेडमिस्ट्रेस होते. रिटायर झाले ती तिच्या स्वयंपाकघरात खाट टाकून पडायला नाही. आणि "आणखी एकदा" म्हणजे काय? पडदा जळला नव्हता. कडेला तपकिरी झाला होता.

८ एप्रिल.
पडदा अर्धा कापला. खोली मोठी दिसते.

१२ एप्रिल.
चाळीची मीटिंग. एक मेला महाराष्ट्र होणार. सेक्रेटरी अप्पा म्हणाले, विजेच्या माळा परवडत नाहीत, प्रत्येक बिऱ्हाडाने गॅलरीच्या कठड्यावर मेणबत्त्या लावाव्या. लाकडी चाळ, लाकडी कठडा, डोकीही लाकडीच. मी उठून सांगितलं: मेणबत्ती बशीत उभी करा, बशीत पाणी घाला. वाळत घातलेले कपडे आधी काढा. पेटत्या मेणबत्तीवरून हात नेऊ नका. पेटती सोडून जाऊ नका. कॉन्व्हेंटमध्ये शिकताना चॅपलच्या मेणबत्त्या सिस्टर ॲग्नेस माझ्यावरच सोपवायच्या, हेही सांगितलं.
अप्पा म्हणाले, मग तुम्हीच बघा. मागून कोणी म्हणालं, कशाने बघतील? सगळे हसले. मीही हसले. विनोद कळला नाही.

१९ एप्रिल.
हल्ली वाती फार आखूड ठेवतात. काडीला सापडत नाहीत. बोटाला फोड. शेजारची सुभद्रा तूप घेऊन आली. मालवणची, नवरा गिरणीत, जीभ तिखट. म्हणाली, "बाईनू, तुमका दिसणा नाय. कबूल करा."
मी म्हटलं, तुला वाचता येत नाही, त्याबद्दल मी कधी बोलले का? उत्तर चोख होतं. संध्याकाळी तिच्याकडची सोलकढी आली नाही.

२५ एप्रिल.
टेबलावरच्या काळ्या डागावर फुलदाणी ठेवली. बकुळाने उचलून पाहिली. या मुलीला शिस्त म्हणून नाही. मोतीबिंदू असणार म्हणते. मोतीबिंदू म्हाताऱ्यांना होतो.

१ मे, सकाळ.
सगळ्या कठड्यांची तपासणी पूर्ण. जाईबाईंना वाळत घातलेली साडी काढायला लावली. त्या म्हणाल्या, साडी नाही, पताका आहे. तरी काढायला लावली. नियम तो नियम.

२ मे.
काल रात्री लिहिलं नाही.
माझ्या कठड्यावर दोन रांगा होत्या. पुढची पेटवली. मागची पेटवायला हात पलीकडे नेला. माझा पदर कधी लोंबत नाही. खांद्यावर ब्रोच असतो. एकदम छान उजेड पडला. वाटलं, कितीतरी दिवसांनी स्वच्छ दिसतं आहे.
पेटला होता तो पदर.
सुभद्राने ओढला. ब्रोचमुळे सुटेना. मग तिने नुसत्या हातांनी विझवला. माझ्या खांद्याला थोडा चटका. तिचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला. हॉस्पिटलात नेताना ओरडत होती ती मलाच. बशीत पाणी घातलं होतं मी. वारा फार होता.
अप्पा म्हणतात, वारा नव्हता.

३ मे.
सुभद्राला आज घरी आणलं. बोटं वळतील की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. तिच्या नवऱ्याने केलेल्या भाकऱ्या एका बाजूने करपल्या होत्या. मला वाढलेली मी पूर्ण खाल्ली.

९ मे, दादर.
हे बकुळा लिहिते आहे, मी सांगते आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन पुढच्या महिन्यात.
निघताना सुभद्राकडे गेले. हाताला जाड पट्टी. तिने विचारलं, "आता तरी सांगा, दिसता काय?"
म्हटलं, "नाही गं."
तिने डाव्या हाताने माझा हात धरून जिना उतरवला. खोलीची किल्ली तिच्याकडे दिली आहे. इथे माझी खाट स्वयंपाकघरातच आहे.
ऑपरेशन झालं की मी माझ्या खोलीत परत जाणार आहे, असं बकुळाला लिहायला सांगितलं. लिहिलं म्हणते.