खेळ काढला

३ तारीख, सोमवार
काम लागलं! बंदुका दुरुस्त करायच्या दुकानात. याआधी बेकरीत होतो, मग छापखान्यात, मग सर्कशीच्या तंबूच्या मेखा ठोकायला. कुठंच बूड टेकलं नाही. आई म्हणायची, याच्या पायाला भिंगरी आहे. इथं मात्र मला आवडलंय. दुकान खाली, घर वर, आणि जिन्याखालची खोली माझी. खिडकीतून समोरच्या घड्याळजीची मांजर दिसते. तिला एकच कान आहे. दुसऱ्याचं काय झालं ते विचारायचं आहे.

मालकांना मी आल्या आल्या काका म्हणालो, त्यांच्या बायकोला काकू. काकांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, आधी कानस धरायला शीक, मग नाती धर. काकू जिन्यावरून म्हणाल्या, धरू द्या हो, या घरात काका म्हणणारं आहे तरी कोण. काकांनी मला कानस दिली.

५ तारीख, बुधवार
हात काळे झालेत. रायफलीच्या मधोमध लोखंडी डबा असतो, दोन तुकड्यांचा. वरच्यात नळी बसते, खालच्यात घोडा, आणि दोन पिना त्यांना एकत्र धरून ठेवतात. वापरून वापरून पिनांची भोकं मोठी होतात, मग रायफल उचलली की डबा खुळखुळतो. याला दुकानात 'खेळ' म्हणतात. दोन भागांत खेळ आहे, खेळ काढायचाय, असं. त्यावर इलाज म्हणजे मधे रबराची पातळ पाचर. पिन अंगठ्यानं आत जायला हवी, पण कुरकुरत. गिऱ्हाइकांना वाटतं, खेळामुळे नेम चुकतो. काका म्हणतात, यांचा नेम जन्मापासूनच चुकलेला असतो.

माझी पहिली पाचर बघून म्हणाले, चप्पल शिवतोयस का रे?

मांजरीचा कान कुत्र्यानं नेला. घड्याळजीनं सांगितलं.

८ तारीख, शनिवार
शेवटच्या खुंटीवर एक जुनी रायफल आहे. न्यायला कुणी येत नाही. दुकान बंद करताना काका ती उतरवतात, जिन्याकडे तोंड करून उभे राहतात आणि हळूच हलवतात. खुळखुळ. वर काकूंची भांडी थांबतात. मग रायफल परत खुंटीवर, भांडी परत सुरू. म्हातारपणी माणसांना काय काय सवयी लागतात!

आज काकू चहा गाळत होत्या तेव्हा विचारलं, त्या शेवटच्या रायफलीचं काय? म्हणाल्या, तिच्यात अजून खेळ आहे. आणि हसल्या. इतकं छान हसल्या की वाटलं, हे काम आपणच करायचं. काकांना वेळ होत नसणार.

मला इथं राहायचंय. असं मी याआधी कुठंच लिहिलेलं नाही.

११ तारीख, मंगळवार
काका सामान आणायला गेले होते. मी खेळ काढला. पाचर अशी बसली की पिन कुरकुरत गेली, अगदी काका सांगतात तशी. हलवून बघितली, चूप. खूश होऊन शीळ घालत बसलो.

संध्याकाळी काकांनी रायफल उतरवली. हलवली. परत हलवली. वरून काकूंनी विचारलं, वाजवलीत का? काका माझ्याकडे बघत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं.

मग त्यांनी सांगितलं. त्यांना मुलगी होती, ठमी. दुकानात कामाच्या बाकाखाली बसून खेळायची. ती रायफल दुरुस्तीला आली तेव्हा तिनं काकांना ती दुरुस्तच करू दिली नाही, कारण तिचा खुळखुळा झाला होता. रोज संध्याकाळी वाजवून घ्यायची आणि मगच जेवायला वर जायची. मग ताप आला आणि गेली. पण त्या संध्याकाळी काकांनी रायफल हलवली तर आवाज लोखंडाचा नव्हता. आत कुणीतरी हसत होतं. तेव्हापासून रोज.

मी म्हणालो, लगेच पाचर काढतो. काका म्हणाले, काढ.

पाचर काढली. डबा हललाही नाही. दोन्ही भाग एकजीव झाल्यासारखे. काका वर गेले. काकू रडल्या नाहीत. नुसतीच भांडी आपटल्याचा आवाज, आणि मग तोही नाही.

१३ तारीख, गुरुवार
आवाज ऐकला. आधी जिन्याचा कठडा. मग कपाटाची कडी, मग माझ्या खोलीच्या दाराची बिजागरी. घरात जिथं जिथं काही ढिलं आहे तिथं ठमी जाऊन बघतेय. काका प्रत्येक ठिकाणी हात ठेवून उभे राहतात. हात ठेवला की थांबतं. तिला लोखंडाची सवय, लाकडात करमत नसेल, असं काका म्हणाले. मग तोंड फिरवून त्यांनी खूप वेळ चष्मा पुसला.

मला भीती वाटते. पण जास्त वाईट वाटतं. मी तिला तिच्या घराबाहेर काढलंय.

१५ तारीख, शनिवार
जिना उतरताना माझा गुडघा वाजला.

१६ तारीख, रविवार
कोपर. जबडा. दात जिभेनं हलतात. दुखत नाही. हाडाला हाड जिथं मिळतं तिथं कुणीतरी जागा करतंय, लहान लहान बोटांनी.

काकूंनी चहा दिला, मी कप घेतला आणि मनगट वाजलं. काकूंच्या हातातून बशी पडली. माझे दोन्ही खांदे धरले त्यांनी. हळूच हलवलं. मला आतून ऐकू आलं. हसणं.

किती दिवसांनी काकू जेवल्या.

१८ तारीख, मंगळवार
काका खोलीत आले. माझी पिशवी त्यांनीच भरली होती. म्हणाले, जा बाबा, तुझ्या पायाला भिंगरी आहे ना, मग फिरव ती. ही थांबणार नाही, तुला पार सुटं करेल. तू कुणाचा तरी मुलगा आहेस.

निघालो. कोपऱ्यापर्यंत गेलो. पावलागणिक वाजत होतो. मागं वळलो तर काकू दारात. हाक मारत नव्हत्या. थांब म्हणत नव्हत्या. नुसता कान लावून — आवाज लांब जाताना ऐकत होत्या. दुसऱ्यांदा.

मी परत आले.

आलो. परत आलो. असं कसं लिहिलं मी?

२० तारीख
काका माझ्याशी बोलत नाहीत. रडतात. संध्याकाळी मला खुंटीपाशी उभं करतात, जिन्याकडे तोंड करून — खांदे धरतात — हलवतात —

आईचा चेहरा आठवत बसलो होतो. माझ्या आईचा. काकूंचाच येतो.

२१
बोटं पेनवर नीट बसत — नाहीत. सगळे सांधे मोकळे. मांजर खिडकीशी आली. हिचा कान कुठं गेला? कुणीतरी सांगितलं होतं — मला —

जागा पुरत नाही दोघांना. मी सरकतोय. थोडा. अजून थोडा

संध्याकाळ
बाकाखाली छान अंधार. इथून काकांचे पाय दिसतात. बाबांचे. भांडी वाजतायत वर. आई विचारते, काय करतेस गं तिथं, काय लिहितेस

मी म्हणाले काही नाही. मी नुसती खेळत